व्रणावरची तिरकी ओळ

कैरोत सरकारनं फर्मान काढलं, नर्तकींनी स्टेजवर पोट झाकायचं. झालं! महंमद अली रस्त्यावरच्या दुकानांत अंगाच्या रंगाची जाळी औषधालाही मिळेना. शेवटच्या तुकड्याला नर्तकी बहिजानं हात घातला, तर त्याचं दुसरं टोक एका शिंप्याच्या मुठीत.

"सोडा, मी आधी धरलाय."

"मग मलाही घेऊन चला," फिक्री हसला. "शिवणार कोण?"

तिलाही हसू आलं... कितीतरी दिवसांनी.

दुकानात त्यानं तिच्या हाती दोरा दिला आणि पाठ फिरवली. नर्तकींचं माप तो असंच घेई. बाईनं आपणच कमरेला दोरा गुंडाळून गाठ मारायची.

"जाळी दुहेरी लावा," ती म्हणाली.

"बाकीच्या पातळ कर म्हणून जीव खातात! तुम्हाला आजीच्या काळातला पायघोळ झगाच शिवू का?"

"त्या फर्मानाला शिव्या देतात, मी दुवा देते. दोन वर्षं मला कुणी स्टेजवर उभं केलं नाही. पोटावर टाके आहेत, उस्ताद... इथून इथवर." झग्यावरून तिचं बोट तिरकं फिरलं.

फिक्रीची चेष्टा तिथंच थांबली.

पोशाख आला तो एकेरी जाळीचा. ती भडकणार, तोच तिला मणी दिसले. कमरेपासून तिरके चढत गेलेले, बरोब्बर त्या व्रणावरून. त्या दिवशी ती नाचली, आणि लोकांची नजर मण्यांवरून हलली नाही. आठवडाभरात साऱ्या नर्तकी फिक्रीच्या दारात. आम्हालाही तिरकी ओळ हवी! तो एकेकीला परत पाठवू लागला.

बहिजा तणतणत आली. "वेडे आहात का? दारातलं गिऱ्हाईक घालवता?"

"ती ओळ एकीचीच आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "आणि ती एक... माझ्या घरी यावी, एवढंच मागणं आहे."

बहिजा त्याच्यासमोर बसली. जे सांगायची धास्ती होती, ते आता सांगणं भाग होतं.

"त्या टाक्यांखाली काही उरलेलं नाही, फिक्री. मला मूल होणार नाही. नीट विचार कर."

त्यानं सुई खाली ठेवली. त्याचे डोळे भरले होते, आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

"बरंच झालं," तो म्हणाला. "मला झबली शिवता येत नाहीत."

पंधरा वर्षं सुई धरलेल्या माणसाचं हे धडधडीत खोटं! बहिजानं डोळे पुसले.

"उद्या बाबांना भेटायला ये," ती म्हणाली. "पण त्यांच्यासमोर असलं खोटं बोलू नकोस."