टॉर्च, एकेचाळीस मिनिटं

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, प्रेमा गावडेने डबा खाताखाता फोनचं अपडेट सुरू केलं. डबा संपेपर्यंत फोन बंद होऊन पुन्हा चालूही झाला. चिन्हांचे कोपरे जरा गोल झाले होते, घड्याळाचे आकडे जाड झाले होते. बाकी सगळं होतं तसंच. तिने फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुढच्या बॅचसाठी टेबलांवर भिंगं मांडायला गेली.

मुलुंडच्या एका कॉलेजात ती बावीस वर्षं फिजिक्सची लॅब सांभाळत होती. मुलं एकदाच मोजून वहीत तीन आकडे लिहायची. प्रेमाला ते लांबूनच कळायचं. "परत घे," एवढंच ती म्हणायची. ओरडणं नाही, भाषण नाही. तिचा विश्वास आकड्यांवर होता, तोही तीनदा घेतलेल्या.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोन अकराला शंभर टक्के आणि पावणेबाराला अठ्ठ्याऐंशी दिसला, तेव्हा तिने लगेच काही ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच झालं. चौथ्या दिवशीही. दिवसभर फोन नीट चालायचा, फक्त अकरा वाजले की बारा टक्के जायचे. तिने सेटिंगमध्ये जाऊन कशाने किती बॅटरी खाल्ली त्याची यादी उघडली. सगळ्यात वर लिहिलं होतं : टॉर्च, एकेचाळीस मिनिटं.

टॉर्च तिने लावलेलाच नव्हता.

स्टेशनजवळ मिहिरचं दुरुस्तीचं दुकान होतं. चाळिशीचा, शांत माणूस. फोन हातात घेताना आधी स्वतःचे हात पुसायचा. त्याने फोन उघडून बॅटरी तपासली, फोनमधलं सगळं पुसून नव्याने भरलं.

"ताई, अपडेटनंतर बऱ्याच जणांची वाट लागलीय. चार दिवसांत बसेल आपोआप."

"पण टॉर्च?"

"पर्समध्ये धक्का लागून पेटत असेल."

"फोन टेबलावर असतो. माझ्या डोळ्यांसमोर."

मिहिरने टॉर्च लावून, बंद करून पाहिला. मग फोन परत देत म्हणाला, "असं मी तरी बघितलं नाही कधी."

लॅबच्या मागे उजेडाच्या प्रयोगांसाठी काळे पडदे लावलेली एक खोली होती. सोमवारी अकराला पाच कमी असताना प्रेमा फोन घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. फोन पालथा ठेवला. अकरा वाजले. टॉर्चचा ठिपका काळाच राहिला. तिने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. दिवा पेटलेला नव्हता, पण पेटलेल्या दिव्याइतका गरम होता. एकेचाळीस मिनिटांनी तो निवला. तिने वहीत लिहिलं : उजेड नाही, उष्णता आहे. मग त्या ओळीखाली तारीख टाकली.

घरी कुणाला सांगण्यासारखं हे नव्हतं. घरी आबांचंच पुष्कळ होतं.

आबा, म्हणजे तिचे वडील गुणाजी गावडे, एकोणऐंशी वर्षांचे. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात राबले. पण कुणी विचारलं तर ते सांगायचे ते 'स्नेहवर्धन'च्या मोटरबद्दल. मुलुंड कॉलनीच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची ती तीन मजली बिल्डिंग. तिथल्या पाण्याची मोटर आबांनी तीस वर्षं लावली, आधी बॅटरीने, म्हणजे टॉर्चने, टाकीत डोकावून. सेक्रेटरी बदलले, मोटर बदलली, आबा बदलले नाहीत. दिवाळीनंतर बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि प्रेमा, तिचा भाऊ राजेश, वहिनी माधुरी आणि आबा पाच रस्त्याजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. पाचवा मजला. मोटर आपोआप चालू होणारी.

"हय पाणी आपणच येता," आबा पहिल्या दिवशी म्हणाले होते. त्यानंतर ते कमी कमी बोलत गेले. हल्ली कधी माधुरीला नावाने हाक मारताना अडायचे.

एका रविवारी त्यांनी प्रेमाचा हात धरला. "माका एकदा थंय घेवन चल."

ती घेऊन गेली. बिल्डिंगभोवती निळे पत्रे उभे होते, खिडक्यांच्या चौकटी काढून नेलेल्या होत्या. वॉचमन चंद्रप्रकाशने आबांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. पत्र्यांसमोर नऊ मिनिटं उभे राहिले. तेवढ्यात प्रेमाला कुशीला चटका बसला. पर्समधला फोन तिला रुमालात धरून बाहेर काढावा लागला. अकरा वाजून गेले होते. घरी आल्यावर तिने लिहिलं : जागा, जुन्या बिल्डिंगसमोर. नऊ मिनिटांत अकरा टक्के.

हा आकडा बाकीच्यांत बसत नव्हता. प्रेमाने त्याच्याखाली रेघ मारली.

पुढे गुरुवारी, सव्वाअकराच्या सुमाराला, माधुरीचा फोन आला. तिचा आवाज चिरकत होता.

"प्रेमाताई, आबा घरात नाहीत. मी कपडे वाळत घालत होते. दार उघडंच आहे हो."

राजेश अंधेरीहून, विमानतळाच्या कार्गोतून निघाला. प्रेमा लॅब तशीच सोडून धावली. पहिल्यांदा सगळे जुन्या बिल्डिंगकडेच गेले. आबा आणखी कुठे जाणार? चंद्रप्रकाश सातपासून गेटवर होता. "माँ कसम, इधरसे कोणी नाय आला," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. राजेश आत जाऊन तिन्ही मजले फिरून आला. हाका मारून त्याचा घसा बसला. मग देऊळ पाहिलं, भाजी मार्केट पाहिलं, बाग पाहिली. चेकनाक्यावर एसटीसाठी उभ्या असलेल्या लोकांना फोटो दाखवला. गावाची, मालवणची गाडी पकडायची त्यांना लहर आली असेल तर? कुणी पाहिलं नव्हतं.

तीन वाजता ते पोलीस स्टेशनात बसले होते. हवालदार बाई वयाने प्रेमाएवढीच होती. ती सावकाश लिहून घेत होती : उंची, शर्टाचा रंग, उजव्या कानामागे तीळ.

"त्यांची पूर्वीची काही ठरलेली सवय? असे लोक बरेचदा जुन्या वेळेवर चालतात."

"मोटर लावायचे," राजेश म्हणाला. "बिल्डिंगची. तीस वर्षं."

"किती वाजता?"

राजेश प्रेमाकडे बघायला लागला. त्या वेळेला तो नेहमी कामावर असे, तीही. पण लहानपणीच्या सुट्ट्या तिला आठवल्या. आबांची रात्रपाळी संपलेली, चहा झालेला, आणि पावणेबारापर्यंत खालून येणारी ती घरघर. त्या आवाजावर आई कुकर लावायची.

"अकरा वाजता," प्रेमा म्हणाली.

आणि तिने फोन काढला. सकाळी पूर्ण भरलेला फोन अठ्ठावीसवर होता. इतके फोन झाले, त्यात तो तापला आणि बॅटरी गेली, असं ती धरून चालली होती. तिने यादी उघडली.

टॉर्च, चार तास दोन मिनिटं.

ती बघत असतानाच दोन मिनिटांची तीन झाली.

"राजेश, मोटरची खोली बघितलीस?"

"बाहेरून कडी आहे गं तिला. आत कोण कसं असेल?"

"चल."

"प्रेमा, मी बघून आलोय ना सगळं..."

"परत बघायचं."

रिक्षात तिने फोन रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला. पाच रस्त्यापाशी चोवीस टक्के. कॉलनीच्या वळणावर सतरा. राजेश काहीतरी विचारत होता, ती टक्के बघत होती. डोंगर समोर दिसायला लागला तेव्हा नऊ. रुमालातूनही हात भाजत होता, पण तिला तो खाली ठेवावासा वाटला नाही. वीस-बावीस दिवसांत पहिल्यांदाच तिला भीती वाटत नव्हती.

चंद्रप्रकाशने गेट उघडलं. मोटरची खोली मागच्या बाजूला, नाल्याकडे होती. पुढून कडी होतीच. प्रेमा वळसा घालून मागे गेली.

खोलीची मागची भिंत पाडलेली होती. पत्र्यांमध्ये, नाल्याच्या बाजूला, माणूस अंग चोरून जाईल एवढी फट होती.

खोलीत मोटर नव्हती, नुसता तिचा चौथरा. जमिनीत पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण. ते बंद होतं. झाकणापाशी एक चप्पल पडलेली होती.

तीन टक्के.

"आबा!"

काहीच नाही. मग खालून, लोखंडावर दगड वाजल्यासारखा, टक् टक् आवाज.

राजेश आणि चंद्रप्रकाशने मिळून झाकण उचललं. आत काळोख होता.

त्याच क्षणी प्रेमाच्या हातातला फोन थंड झाला. हळूहळू निवला नाही, एकदम.

खालून आबांचा आवाज आला. थकलेला, पण नेहमीचा. जेवायला बोलवावं तसा.

"प्रेमा, बॅटरी कित्याक बंद केलंस गो?"

अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांना वर काढलं. घोटा मोडला होता, कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. टाकीत पाणी का नाही ते बघायला आबा शिडीवरून उतरले होते आणि उघडं टेकवलेलं झाकण वरून पडलं होतं. "चार-साडेचार तास असल्या काळोखात," एक जवान राजेशला म्हणाला, "तरणी माणसं येडीपिशी होतात. हे काका आम्हालाच धीर देत होते."

हॉस्पिटलात प्लास्टर वाळत असताना आबांनी ते सगळं सांगितलं. घाईने नाही, कौतुकानेही नाही.

"घाबराचा कित्याक? तू वर उभी होतंस मा. बॅटरी धरून. मी हाक मारलंय, तू बोलाक नाय. पण हात हलवक नाय तू, जरापण. माका शिडी दिसत होती, भिंत दिसत होती." मग तिचा उजवा हात आपल्या हातात घेऊन ते मनगट चोळायला लागले. "दुखत आसतलो गो. सकाळपासना धरलेलंस."

"फटीतून उजेड येत असणार," राजेश दारात हळूच म्हणाला. प्रेमाने नकारार्थी मान हलवली. त्या झाकणाला फट नव्हती, हे तिने पाहिलं होतं. मनगट मात्र खरंच दुखत होतं.

त्यानंतर आबा बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, फार आशा धरू नका. पण घरात आशा धरल्याशिवाय कोण राहतं? पंधरा दिवसांत ते दोन महिन्यांत बोलले नव्हते तेवढं बोलले. माधुरीला नावाने हाक मारून चहा मागायला लागले. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांच्याकडे पाण्याच्या वेळांची वही दिली, आणि आबा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून तिच्यात रोज बारीक अक्षरात लिहायला लागले. प्रेमा संध्याकाळी घरी आली की आधी त्यांची वही बघायची. सगळे आकडे नीट असायचे.

फोनही सुधारला. अकरा ते पावणेबारा एक टक्कासुद्धा जात नव्हता. यादीत टॉर्च हा शब्दच राहिला नाही. प्रेमाने आठ दिवस आकडे घेतले आणि वहीचं ते पान बंद केलं.

फक्त आबांचा चष्मा राहिला होता. तो टाकीत पडला होता, आणि नव्या चष्म्याने त्यांचं डोकं दुखायचं. एका शनिवारी दुपारी ती जुन्या बिल्डिंगवर गेली. चंद्रप्रकाशने झाकण उघडून दिलं आणि शिडी धरायला माणूस बोलवायला गेला.

प्रेमा गुडघे टेकून आत डोकावली. तळ नीट दिसत नव्हता. तिने फोनचा टॉर्च लावला आणि हात आत धरला.

तळाशी ओली माती होती. मातीत गवत उगवलं होतं. बोटभर उंचीचं, दाट.

शेजारच्या बायॉलॉजी लॅबमध्ये मानसी टीचर दरवर्षी बंद खोक्यात धणे पेरून मुलांना दाखवायच्या. अंधारात उगवलेलं रोप प्रेमाने बावीस वर्षं पाहिलं होतं : पिवळं, लुळं, लांबच लांब. ही टाकी दिवाळीपासून बंद होती, आबांना काढलं तेवढीच उघडलेली. आणि हे गवत हिरवंगार होतं.

ते सगळीकडे नव्हतं. परातीएवढ्या एका गोलात होतं, कडा अगदी रेखीव. गोलाच्या बाहेर एक काडीही नव्हती.

तिने हात जरा खाली नेला, जरा डावीकडे घेतला. मनगट एका जागी आपोआप थांबलं. टॉर्चचा उजेड त्या हिरव्या गोलावर बसला. कडेला कड लागली, केसभरही इकडेतिकडे नाही. तिला वहीतली ओळ आठवली : उजेड नाही, उष्णता आहे.

गोलाच्या काठाशी आबांचा चष्मा होता, काड्या नीट मिटून ठेवलेला.

मागे चंद्रप्रकाशची पावलं वाजली तेव्हा तिने अंगठ्याने टॉर्च बंद केला.

खालचा उजेड जायला मात्र थोडा वेळ लागला.