चार सायलेन्सरांचा सूर

“माझ्या गाडीचे चारही सायलेन्सर चोरीला गेलेत,” काका म्हणाले, “आणि चारही गाडीला लावलेले आहेत!”

ताईंनी मान वर केली. खाजगी गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव होतं. मदतीला असलेला त्यांचा धाकटा भाऊ नेहमीप्रमाणे बुचकळ्यात पडला.

“मूळचे काढून नकली ठोकलेत हो,” काकांनी खुलासा केला.

मोटारसायकल जुनी, जपानी, चार सिलिंडरची. प्रत्येक सिलिंडरला वेगळा सायलेन्सर. असल्या गाडीवर संग्राहक जीव टाकतात, पण सायलेन्सर मूळचे असतील तरच. ते गंजतात आणि पुन्हा मिळत नाहीत.

“चारही एकत्र लागले की वर बारीक शिटीसारखा सूर उमटायचा. तो गेला! गाडीला हात लागतो तो एकट्या मिस्त्रीचा. उद्या त्याला पोलिसांत देतो.”

मागच्या टेबलावरचा फोन किणकिणू लागला. काका बोलतच राहिले. “तुम्हीच येऊन ऐका. गॅरेज शांत आहे. पूर्वी चिमण्यांचा उच्छाद होता, त्याही गेल्या.”

भावाने धावत जाऊन फोन उचलला.

काकांच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकताच भावाच्या कोऱ्या शर्टावर वरून शिंतोडा पडला. तो चरफडत रुमाल शोधू लागला. ताई गाडीशेजारी उकिडव्या बसल्या. सायलेन्सरच्या नटांवर जुना गंज एकसारखा चढला होता. पान्ह्याचा एक ओरखडा नव्हता.

काकांचा पुतण्या गाडी विकायच्या मागे होता, हे त्याने लपवलं नाही. “पण मूळ सायलेन्सर गेले तर गाडी घेणार कोण? मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?”

काकू चहा घेऊन आल्या. पाठमोऱ्या काकांना वळसा घालून समोर गेल्या, मगच म्हणाल्या, “साखर कमी घातलीय हं.”

मिस्त्री आपल्या दुकानात रिकामा बसला होता. चोरीचा बोभाटा झाल्यापासून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

“मी काही घेतलं नाही, ताई.”

“मग काकांना ठणकावून सांगा ना!”

“पुढचं बोलायला जीभ रेटत नाही. चोर म्हणतात, तर म्हणू देत.”

ताई त्याला हाताला धरून गॅरेजमध्ये घेऊन आल्या. काका टाकी पुसत होते. ताई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “काका, चोर सापडला.”

काका टाकी पुसत राहिले. दाराशी उभ्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

ताई समोर आल्या. “काका, ते नट कित्येक वर्षांत कुणी सोडवलेले नाहीत. सायलेन्सर मूळचेच आहेत. माझ्याकडे फोन वाजला तो तुम्हाला कळला नाही. चिमण्या गेल्या म्हणालात आणि माझ्या भावाचा शर्ट बघा. काकू तुमच्या समोर आल्याशिवाय बोलत नाहीत. सूर गाडीतच आहे. तुमचे कान तो पकडत नाहीत.”

काका काकूंकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“केव्हापासून! मी डॉक्टरांना विचारून आले. कानाला मशीन लावलं तर माणसांचं बोलणं नीट कळेल, पण तो सूर तसा यायचा नाही म्हणाले. रोज सकाळी गाडी ऐकणं हेच तुमचं सुख. ते मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?”

“आणि तू?” काकांनी मिस्त्रीला विचारलं. त्याने मान खाली घातली. काका त्याच्याजवळ गेले. “तुला चोर म्हणालो रे मी.”

त्यांनी गाडी सुरू केली आणि कान सायलेन्सरजवळ नेला. “आत्ता लागलाय तो?”

मिस्त्रीने मान डोलावली. त्याला रडू आवरेना.

काका बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांनी गाडी बंद केली.

पत्र्याखाली चिमण्यांचा कलकलाट पुन्हा ऐकू येऊ लागला. सगळ्यांनी वर पाहिलं, म्हणून काकांनीही पाहिलं. तुळईवर बसलेली एक चिमणी चोच उघडत होती, मिटत होती.

“गेल्या नाहीत तर,” काका म्हणाले.