बारा मीटर खाली

शेवाळसाहेब हे नाव त्याला ऑफिसातल्या टवाळांनी दिलेलं, आणि ते चांगलंच चिकटलं होतं. धरणाच्या पाण्यात दरवर्षी काय उगवतं, काय हटतं, याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. पहिली दोन वर्षं बुडालेली झाडं कुजत होती, त्या खतावर जलपर्णी नुसती माजली. मग खत सरलं, पाणी निवळलं, जलपर्णी ओसरली आणि काठालगत तळातून उगवणाऱ्या पाणवेलींनी जागा धरली. पाच मीटरच्या खाली मात्र उजेडच पोचत नाही, तिथे काही उगवत नाही. एवढं तो डोळे मिटून सांगू शकत असे.

यंदा सातवं वर्ष. होडीत नावाड्याशिवाय त्याची थोरली बहीणही होती, हट्टाने आलेली. नोंदीच्या नऊ नंबरच्या जागेखाली, बारा मीटरवर, या भावंडांचं वडिलोपार्जित घर होतं. पाणी अडवण्याआधी वस्ती रिकामी झाल्याचा दाखला त्यानेच दिला होता, ऑफिसात पंख्याखाली बसून. वडील त्या दिवसापासून कुणाला दिसले नाहीत. रुसून कुठेतरी निघून गेले, असं तो सगळ्यांना सांगत आला.

“तू आत जाऊन बघितलं होतंस ना?” ताईने विचारलं.

“किती वेळा सांगू? घर रिकामं होतं.”

थाप मारताना त्याची जीभ आता अडखळतही नसे. त्याचीच त्याला किळस येई.

आखूड दांड्याचं, दोरी बांधलेलं दाताळं त्याने पाण्यात सोडलं. तळ लागला. ओढलं तर जड. वर आलं तेव्हा दातांत पाणवेल होती, हिरवीगार, कोवळी.

“काठावरची वाहत आली असेल, साहेब,” नावाडी म्हणाला. वल्ही मात्र त्याने पाण्यातून काढून घेतली होती.

शेवाळसाहेबाने वेल उलटून पाहिली. मुळासकट उपटलेली. मुळांची माती झटकलेली. मुठीएवढी जुडी करून तिच्याच देठाने बांधलेली. परसातलं तण वडील असंच बांधून कडेला ठेवत.

ताईने गाठीवरून बोट फिरवलं.

“पुन्हा टाक.”

त्याला नको म्हणायचं होतं. त्याने टाकलं.

दोरी ताणली गेली. मग सैल पडली. बराच वेळ काहीच हललं नाही.

“आता खरं सांग,” ती म्हणाली.

“मी गेलोच नव्हतो, ताई. नुसती सही केली.”

सात वर्षांनी बोलून टाकलं, पण हलकं वगैरे काही वाटलं नाही. तोंड नुसतं कडू झालं.

त्याच्याकडे न बघताच ती दोरी ओढू लागली. दाताळं वर आलं. दात लखलखीत, चोळून धुतलेले. गाळाचा कण नाही.

तिने दांडा धरला आणि तशीच बसून राहिली. मग भावाचं मनगट पकडून त्याचा हात त्यावर ठेवला.

लोखंड गारठलेलं होतं. दांडाही गारच होता, फक्त मधे, मुठीएवढ्या जागेत, कोमट.