केराबाईचा माळ

कंदील जरा बारीक करा, आणि मध्ये कुणी बोलू नका. गुरप्पा पेंटर माझ्या चुलत्याचा जिवलग. त्याच्याच तोंडची ही हकीकत.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. सांगोल्याकडं पाऊस फिरकलाच नव्हता. शेळ्यामेंढ्या घेऊन माणसं घरदार सोडून निघाली आणि सोलापूरच्या वेशीबाहेर तळ देऊन पडली. गुरप्पा नाटकांचे पडदे रंगवायचा. खोकल्यासाठी शेळीचं दूध आणायला तो तळावर गेला, तिथं त्याला केराबाई भेटली. धनगराची म्हातारी, अंगात नुसती हाडं उरलेली. हा पडदेवाला आहे म्हटल्यावर तिनं त्याला सोडलंच नाही.

"माजा माळ काडून दे की रं बाबा. माणसं नगंत त्यात. मरायच्या आदी येकदा घरी जायचंय."

गुरप्पा हळवा गडी. नवी पेठेमागच्या आपल्या दुकानात त्यानं एक मोठा जुना पडदा जमिनीवर पसरला आणि म्हातारी सांगेल तसा माळ रंगवला. हिवराचं झाड, बिरोबाचा दगड, ओस पडलेली घरं. केराबाई काठी टेकत यायची, बघायची, डोळे पुसायची. काम संपलं त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरला.

"वाट हितवर का न्हाय आणली? चडू कुटनं?"

पडद्याच्या खालच्या काठाला झुडपं काढायची आणि वाट त्यांच्यामागून सुरू करायची, ही पडदेवाल्यांची रीतच. पुढं नट उभे राहतात ना! गुरप्पाचा हात सवयीनं तसाच चालला होता. तो हसला. "उद्या आणतो की, आजी." म्हातारी काठी टेकत निघून गेली.

ती वैशाखातल्या अमावस्येची रात्र. गुरप्पा दुकानातच निजला होता. मध्यरात्र उलटली आणि काठी वाजली.

ठक... ठक...

पडद्याच्या काठाकाठानं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. थांबायची. परत फिरायची.

"आजी...?"

नुसती धाप. त्यानं कंदील वर धरला. कुणीच नव्हतं.

"वाट कुटं हाय रं...?"

गुरप्पाला रडूच कोसळलं. भीतीनं नव्हे, त्या आवाजानं. त्यानं मातकट रंग कालवला. झुडपं सगळी बुजवली. वाट काठापर्यंत ओढली. मागं सरला.

कंदील विझला.

काठी एकदाच वाजली... मग काही नाही.

उजाडताच तो तळावर धावला. केराबाईची सून अंबुबाई प्रेताशेजारी बसली होती.

"काल दिवं लागायला गेली बगा. 'वाट, वाट' करत हुती." ती पदरात तोंड घालून म्हणाली, "लई वंगाळ म्हयना ह्यो. पटकीनं तळावरची निम्मी लेकरं नेली."

गुरप्पा तसाच दुकानात परतला. दार उघडलं.

ओल्या रंगात अनवाणी पावलं उमटली होती, माळाकडं तोंड केलेली. शेजारी काठीच्या टोकाच्या खुणा. एवढं त्यानं मनात धरलंच होतं.

पण तिच्यामागं आणखी पावलं होती... बायांची, गड्यांची. आणि लहान लहान लेकरांची. ती लांब लांब पडलेली.

लेकरं पळत गेली होती.