दुसऱ्या घरातली प्रत

ती चष्म्याची निखळलेली दांडी हातात घेऊन माझ्या दुकानात आली, त्याच सकाळी माझा कॉम्प्युटर बंद पडला होता. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, आणि पुढे काहीच नाही. गिऱ्हाइकांच्या चष्म्यांचे सगळे नंबर त्यात.

"स्क्रू पडलाय," ती म्हणाली. "मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, स्क्रूड्रायव्हर ढीगभर आहेत. पण चष्म्याशिवाय चष्म्याचा स्क्रू दिसत नाही."

मी स्क्रू शोधायला लागलो. तिने पडद्याला नाक टेकेल इतकं वाकून ती ओळ वाचली.

"बॅकअप घेतलाय?"

"घेतलाय ना! सिस्टिमसकट. 'जपून' नावाचं फोल्डर केलंय."

"कुठे?"

"ह्यातच."

ती सरळ झाली. "म्हणजे दुसरी किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलंत."

मला धड कळलं नाही. कळलं नाही हेही तिला कळलं.

"तुमच्या फायली सुखरूप आहेत हो. मशीननं सुरू कसं व्हायचं हे सांगणाऱ्या फायली बिघडल्यात. माणूस ठणठणीत आहे, फक्त उठायचं कसं ते विसरलाय."

"मग?"

"मग उठवायचं."

मी तिला चष्मा दिला. तो घालून तिने आधी मशीनकडे बघायला हवं होतं... ती माझ्याकडे बघत होती.

दुपारपर्यंत तिने मशीन उठवलं. माउस डाव्या हातात. मग सिस्टिमची, सगळ्या सेटिंगसकट, आणि सुरू होण्याच्या फायलींची प्रत एका पेन ड्राइव्हवर घेतली. "ही मशीनपासून लांब ठेवायची. आणि दर महिन्याला ताजी करून माझ्याकडे तपासायला आणायची."

मी नेऊ लागलो. ती ड्राइव्ह लावायची, चालतेय का तपासायची. "न तपासलेली प्रत म्हणजे नुसती समजूत," असं म्हणायची. मध्येच तिचा चष्मा सैल व्हायचा आणि ती दुकानात यायची. मी आवळून दिलेला स्क्रू सैल कसा होतो, हे मला उमगत नव्हतं.

एकदा ती गावाला गेली होती, म्हणून दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दर महिन्याला? सिस्टिममध्ये मोठा बदल केला की घ्यायची. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी गोंधळलो. तिला काम येत नाही म्हणावं, तर मशीन छान चालत होतं. ताईला विचारलं.

"तिचा चष्मा किती वेळा सैल झाला?" ताईने विचारलं.

"बऱ्याचदा. फ्रेम खराब असेल."

"फ्रेम नाही रे, डोकं खराब आहे. तुझं!"

तरी खात्री होईना. ती सगळ्यांशीच हसून बोलायची. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिने दोन ड्राइव्ह काढल्या.

"एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. एक प्रत नेहमी दुसऱ्या घरात असावी. आग लागली, चोरी झाली, तरी चिंता नाही."

मी बराच वेळ ती ड्राइव्ह बोटांत फिरवली. "पण... समजा आपण एकाच घरात राहिलो, तर दुसरी प्रत कुठे ठेवायची?"

तिचा स्क्रूड्रायव्हर थांबला. मान वर नाही.

"आईकडे," ती म्हणाली.

हा होकार आहे की सल्ला, हे मला घरी पोचेपर्यंत समजलं नाही. ताईने समजावलं.

लग्नानंतर ती माझ्या दुकानात बसून काम करायची. भांडण एकच — माउस. ती बटणं उलटी करून डावीकडे ठेवायची, मी सुलटी करून उजवीकडे. "एवढंसं तर आहे," असं दोघेही म्हणायचो आणि दोघेही बदलायचो.

ती गेली. आजार थोड्याच दिवसांचा होता. मी माउस उजवीकडे घेतला तो तिकडेच राहिला.

गेल्या आठवड्यात पुन्हा तीच काळी ओळ आली. माझी ड्राइव्ह सापडेना. घरात तिच्यानंतर काहीच जागेवर नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकू. मी सासूबाईंकडे गेलो.

त्यांनी सुयादोऱ्याच्या डब्यातून ड्राइव्ह काढली. "आजारी पडायच्या आधी ताजी करून ठेवून गेली. मला यातलं काही कळत नाही. झालं की परत आणून द्या. जागा हीच."

तिने शिकवलं होतं तसं केलं. मशीन उठलं. मी क्लिक केलं, तर भलतीच यादी उघडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आता हे काय नवीन बिघडलं? मी घाबरलो. दुरुस्तीवाल्याला फोन लावायला उठलो आणि थांबलो.

बटणं उलटी होती.

मी माउस उचलला आणि डावीकडे ठेवला. डाव्या हाताने अजून नीट जमत नाही. गिऱ्हाइकं थांबतात.