लेझरवाल्या मॅडम आणि सपाट वावर

"लेझरवाल्या मॅडम तुमीच का?"

मी मान वर केली. प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. खांद्यावर पिवळी तिपाई, आणि काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी... तान्हं बाळ धरावं तसं धरलेलं. एप्रिलची दुपार. अमरावती विद्यापीठात चिटपाखरू नव्हतं, आणि अनोळखी माणसांशी गोड बोलायची मला सवय नाही.

"डॉक्टर अपेक्षा गावंडे," मी म्हटलं. "दारावर पाटी आहे."

"पाटी वाचली. पन खाली चहावाल्यानं लेझरवाल्या मॅडमच सांगतलं."

तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जायची. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं, कबूल करते.

नाव गोपाल इंगळे, राहणार नांदगाव खंडेश्वर. घरची शेती मोठा भाऊ पाहायचा आणि हा ट्रॅक्टरला लेझर लेव्हलर जोडून नांदगावपासून अकोल्यापर्यंत लोकांची वावरं सपाट करून द्यायचा. बांधावर तिपाईवर लेझर गरगर फिरतो, आणि माती कुठे खरवडायची, कुठे टाकायची, ते ट्रॅक्टरमागच्या लोखंडी फळीला त्याच्या किरणावरून कळतं. दुपट्ट्यातलं बाळ म्हणजे तो लेझर. बंद पडलेला.

"कंपनीवाले म्हन्ते म्हयना लागन. म्हयन्यात त पाऊस येते, मॅडम."

"हे विद्यापीठ आहे. दुरुस्तीचं दुकान नाही."

"दुकानं सगळी पाहून झाली."

मला हसू आलं, आणि तिथेच मी अडकले.

खरं सांगायचं तर मला भारी वाटलं होतं. लेझरवर बारा वर्षं घालवली मी. अकोल्याच्या जुन्या शहरात बाबांचं चष्म्याचं दुकान. भिंगांशी खेळत वाढले, इंदूरला पीएचडी केली, इथे प्राध्यापक झाले. पण बघायला आलेल्या प्रत्येक स्थळाला वाटायचं, मी लेझरने केस काढते. एका मुलाच्या आईने तर पोह्यांची बशी बाजूला ठेवून मानेवरची चामखीळ माझ्यापुढे केली होती. माझं खरं काम हवं म्हणून उन्हातान्हात आलेला हा पहिलाच माणूस.

दुरुस्तीला चार दुपारी लागल्या. तो रोज यायचा आणि स्टुलावर बसून राहायचा.

"लेझरकडे सरळ बघायचं नसतं," मी एकदा दटावलं.

"लेझरकडं नाहीच पाहून राहिलो, मॅडम."

माझ्या हातातून पेचकस पडला. तो उचलायला दोघंही वाकलो... आणि माझंच डोकं टेबलाला आपटलं.

चौथ्या दिवशी तो यायच्या आधीच काम झालं. किरण तेवढा थोडा तिरपा जात होता. आत पाहते तर आरशाखाली कुणीतरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा खुपसलेला. काय हा गावठी कारभार, म्हणत मी तो कचऱ्यात टाकला. व्हरांड्यात चाळीस मीटरवर किरण तपासला. केसभराचा फरक नाही. मी ऐटीत लेझर त्याच्या हाती दिला.

लेझर गेला, पण गोपाल येतच राहिला. कधी म्हणे यंत्राचा आवाज येतो, कधी म्हणे चिखलदऱ्याची कॉफी आणली. मी दुपारी तीनला केस विंचरायला लागले.

मग मेच्या मध्यावर बंगलोरहून पत्र आलं. तिथल्या संशोधन संस्थेत दोन वर्षं! ज्या लेझरबद्दल मी आजवर फक्त वाचत आले, तो स्वतःच्या हातांनी चालवायचा. विद्यापीठ रजा देणार होतं. होकार एकतीस तारखेपर्यंत कळवायचा होता. मार्चमध्ये हे पत्र आलं असतं तर मी नाचले असते. आता मात्र पाय निघत नव्हता. ज्याच्यामुळे निघत नव्हता, त्याने कॉफीपलीकडे एक शब्द काढला नव्हता. मीही त्याला पत्राचं सांगितलं नाही.

एकतीसच्या सकाळी त्याचा फोन आला. "मॅडम, मूर्तिजापूरच्या अलीकडं या. तुमचं काम पाहाले."

आदल्या संध्याकाळी अवकाळी कोसळला होता. बांधावर पोचले आणि थिजलेच. पाच एकर वावरात नुसतं पाणी. ना इकडे सरकत, ना तिकडे.

"इतकं सपाट वावर पुऱ्या वऱ्हाडात नसन," गोपाल म्हणाला. "बगळे आले पाहाले."

वावराचे मालक महादेवराव धोतर खोचून उभे होते. "पोरी, काळ्या मातीत पानी थांबलं त पीक पिवळं पडते. नाल्याकडं थोडा उतार ठेवा लागते."

"उताराचं बटन तुटलं होतं न," गोपाल हळूच म्हणाला, "म्हनून मीच आत ट्यूबचा तुकडा लावला होता. हजार फुटाले दोन फूट उतार भेटे."

माझे कान तापले. एवढी शिकले, पण एकदा विचारावं हे सुचलं नाही.

"ओरडा ना माझ्यावर," मी म्हटलं.

"कायले? पेरनीले वेळ हाय. वावर सुकून वाफसा आला का पुन्हा फळी मारतो. मी त तुमाले पाहाचं म्हनून..." तो थांबला. "म्हंजे, वावर दाखवाचं म्हनून बोलावलं."

महादेवराव फावडं घेऊन पाण्याला वाट करून द्यायला पलीकडे गेले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी पत्राचं सांगून टाकलं.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "जा तुमी. मोठं काम हाय."

राग आला की माझी भाषा थेट जुन्या शहरात पोचते. "बस, जा? मंग इतके दिवस कॉफी कायले आनत होते? मनात काही असन त बोलत काहून नाही?"

"पयले हिंमत नाही झाली. आता बोललो त तुमी थांबसान. अन् मंग जलमभर मले वाटन, माह्यापायी राहिली." त्याने वर पाहिलं. "तुमी मले आवडता, अपेक्षा. भल्ल्या आवडता. पन थांबा नाही म्हननार."

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं. "मग दोन वर्षं करायचं काय?"

त्याने डोकं खाजवलं. "पेरनी झाली का माही मशीन शेडमधी. चना निघेलोक कोनी वावराले हात लावू देत नाही. आठ म्हयने मी रिकामा. रिकामा मानूस नांदगावात राहते, तसा बंगलोरातही राहीन न... उन्हाळ्यात तुमी या इकडं."

मी तिथेच चिखलात उभी राहून फोनवर होकाराचा अर्ज भरला. शेवटी निवासाचा रकाना होता: एकटे की जोडीदारासह? दुसऱ्यावर खूण केली आणि फोन त्याच्यापुढे धरला. "बरोबर आहे का पहा."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"याच्यासाठी पयले लगन करा लागन," तो म्हणाला. "तुमच्या बाबाले कवा भेटू?"

"आजच. दुकान आठपर्यंत उघडं असतं."

तो पायांचा चिखल धुवायला नाल्याकडे पळत सुटला, आणि मी अर्ज पाठवून दिला.