तेलाचा गट

आमच्या प्रयोगशाळेत उंदराला नाव द्यायचं नाही, असा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण नवीन माणसाला मी तो पहिल्याच दिवशी सांगते. नाव दिलं की लळा लागतो, आणि लळा लागला की काट्यावरचं वजन माणूस आपल्या सोयीने वाचतो. उंदराला क्रमांक असतो, तेवढा पुरे. पंधरा वर्षं विषबाधेच्या चाचण्या करतेय, एवढं तरी मला कळायला हवं.

आमची इमारत अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका मसाल्याच्या कारखान्याच्या मागे आहे. बाहेर दिवसभर मिरचीचा खकाणा. आत यायचं तर अंघोळ करून, कपडे बदलून, तोंडाला मास्क लावून यायचं. उंदरांच्या खोलीत मग फक्त मक्याच्या भुशाचा कोरडा वास आणि छतातून येणाऱ्या हवेची घरघर. खिडकी नाही. बारा तास दिवा चालू, बारा तास बंद, तोच तिथला दिवस आणि तीच रात्र.

फेब्रुवारीत आम्ही ज्या रसायनाची चाचणी करत होतो ते प्लॅस्टिक मऊ करणारं होतं. रंग नाही, वास जवळजवळ नाही, तेलासारखं दाट. ते मिसळलं की कडक प्लॅस्टिकची लवचीक नळी होते, सलाईनची पिशवी होते, बाळाने चावायचं खेळणं होतं. आईच्या पोटातून आणि दुधातून ते पिल्लांत उतरतं का, आणि उतरलं तर काय करतं, एवढंच मला सांगायचं होतं. ऐंशी गाभण माद्या, वीस-वीसचे चार गट. तीन गटांना मक्याच्या तेलातून ते रसायन द्यायचं, कमी, मध्यम आणि जास्त. चौथ्याला नुसतं तेल. या चौथ्याला सगळे तेलाचा गट म्हणायचे. त्याचं काम एकच, धडधाकट राहणं. त्याच्याशी ताडून पाहिलं की बाकीच्यांचं काय बिघडलं ते कळतं.

मी स्वतः तेव्हा पाचव्या महिन्यात होते. डोस द्यायचं काम दीपककडे होतं. मला त्या बाटल्यांना हात लावायचीही मनाई होती. सदतिसाव्या वर्षी हे तिसरं. पहिलं जन्मून तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं पाचव्या महिन्यातच. डॉक्टर म्हणाल्या, होतं कधी कधी असं. कारणं शोधण्यावर जिचं पोट चालतं तिला हे उत्तर किती लागलं, ते सांगत बसत नाही. हे मूल मला हवं होतं. दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं.

आधीच्या छोट्या चाचणीत जास्त डोसच्या माद्यांची निम्मी पिल्लं चौथ्या दिवसापर्यंत मेली होती. म्हणून या वेळी चौथ्या दिवशी मी मनाची तयारी करूनच खोलीत गेले. जास्त डोसच्या मांडणीवर एकही पिल्लू मेलेलं नव्हतं. गुलाबी, उघडी, बोटाच्या पेरांएवढी पिल्लं. त्या वयात कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून पांढरं दिसतं. सगळ्यांची पोटं पांढरी होती.

तेलाच्या गटात एकोणीस पिल्लं मेली होती.

"मॅडम, मी बाटल्या बदललेल्या नाहीत हं," मी काही विचारायच्या आधीच दीपक म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

माझाही पहिला संशय तोच. बाटल्यांतले नमुने तपासले, माद्यांचं रक्त तपासलं, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून ताडून पाहिल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. मेलेली पिल्लं मी स्वतः उघडली. चावा नाही, जखम नाही, पोटात ताजं दूध. उंदरीण मेलेलं पिल्लू सहसा ठेवत नाही, खाऊन टाकते. या माद्यांनी त्यांना तोंडही लावलं नव्हतं. त्या पिंजऱ्याच्या दूरच्या कोपऱ्यात, पिल्लांकडे पाठ करून बसल्या होत्या. सगळ्या एकाच कोपऱ्यात.

उरला खोलीतला कॅमेरा. चार दिवसांचं चित्रण पाहता पाहता मला सखुबाई दिसल्या. पिंजरे धुणाऱ्या, पेठकडच्या, पन्नाशीच्या, मुकाट्याने काम करणाऱ्या. जास्त डोसच्या पिंजऱ्यासमोर त्या वाकायच्या, मास्क थोडा हलायचा, मग पुढच्या पिंजऱ्याकडे जायच्या. मी त्यांना धुण्याच्या खोलीत गाठलं.

"सखुबाई, पिंजऱ्यांपाशी वाकून काय बोलत होता?"

त्यांनी नळ बंद केला. "नाव ठेवलं, ताई."

"कोणाला?"

"निळी पडली व्हती. दूध वढीत नव्हती. जी तशी दिसली त्यांनाच ठेवलं. धोंड्या, दगड्या, केऱ्या, उकिरड्या. सुचंल तसं."

मला हसू आलं आणि रागही आला. पोरं जगत नसलेल्या घरात पुढच्या मुलाला असं टाकाऊ नाव ठेवायची चाल आमच्याकडेही होती; माझ्या सासऱ्यांच्या गावात आळीआळीला एक दगडू होता. नेणाऱ्याला वाटावं, हा तर दगड, याला कशाला न्यायचं. पण उंदरांना?

"किती पिल्लांना ठेवलं?"

"एकोणीस."

मेलेल्यांचा आकडा तोपर्यंत दीपक आणि मी सोडून कोणालाच माहीत नव्हता. मी तिथल्याच स्टुलावर बसले.

"माझा भाऊ धोंडीराम," सखुबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी तिघं गेली. याला धोंड्याचं नाव ठेवलं, तर राहिला. पण त्याच दिशी शेजारच्या सहादूचं पोर गेलं. चांगलं गुटगुटीत व्हतं. आई म्हणायची, आलेला रिकाम्या हातानं जात नाय."

"हे ठाऊक असून तुम्ही नावं ठेवलीत?"

"उंदीर हायेत ना, ताई," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्हटलं, उंदरांना कोण मोजतंय."

मोजणारी मीच होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी स्वतःला बजावलं आणि त्यांना महिनाभर उंदरांच्या खोलीत यायची बंदी केली.

त्यानंतर सगळं शास्त्राप्रमाणे होऊ लागलं. उशिरा व्यायलेल्या माद्यांची पिल्लं यायला लागली होती. जास्त डोसची मरत होती, तेलाच्या गटातली बाळसं धरत होती. मला हायसं वाटलं. पिल्लं मरताहेत म्हणून हायसं वाटतंय, याची थोडी लाजही वाटली.

त्याच आठवड्यात एका दुपारी दीपक डबा खायला गेला होता आणि मी एकटीच खोलीत होते. जास्त डोसच्या एका पिंजऱ्यात आदल्या दिवशीची चार पिल्लं होती. राखाडी, थंड, पोटं रिकामी. संध्याकाळपर्यंत जाणार हे दिसतच होतं. मी शास्त्राची बाई. शंका आली की तपासून बघायची, एवढंच करतेय, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला हे कशासाठी माहीत करून घ्यायचंय, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझा हात आपोआप पोटावर गेला होता.

मी वाकले. मास्कच्या आत माझाच श्वास गरम लागत होता.

"धोंड्या," मी म्हणाले. "दगड्या. केऱ्या. उकिरड्या."

काही झालं नाही. होणार तरी काय होतं? मी सरळ झाले आणि तेलाच्या गटाच्या मांडणीकडे वळले.

दुसऱ्या ओळीतल्या पिंजऱ्यात एक मादी पाजत होती. तिने मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी, माझ्या खांद्याच्या उंचीवर बघत होती.

मग ती उठली. पिल्लं आचळांवरून सुटून भुशात पडली. ती कोपऱ्यात गेली आणि पाठ फिरवून बसली.

एका पिल्लाची कूस हलायची थांबली.

मग त्याच्या शेजारच्याची.

तिसऱ्याची.

चौथं थोडा वेळ तोंड उघडत राहिलं. मग तेही थांबलं. उरलेली सात आईला शोधत वळवळत होती.

मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही. दीपक येईपर्यंत मी तशीच उभी होते. त्याने जास्त डोसच्या पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "अरे वा मॅडम, ही प्यायला लागली की!"

मी अहवालात लिहिलं, तेलाच्या गटातील मृत्यूंचं कारण सापडलं नाही, अभ्यास ग्राह्य धरू नये. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. नंतर सखुबाई कामावर आल्याच नाहीत, आणि मीही त्यांच्याकडे कोणाला पाठवलं नाही. मला भीती वाटत होती. त्यांची नाही, माझी.

जूनच्या सुरुवातीला मला मुलगी झाली. इंदिरानगरच्या आमच्या घराजवळच्याच दवाखान्यात, दोन खाटांच्या खोलीत. दोन किलोची, बोटं काडीसारखी. दुसऱ्या खाटेवर देवळ्याची छाया होती, जेमतेम चोवीस वर्षांची. तिचा नवरा लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला. तिचा मुलगा साडेतीन किलोचा, आवाज असा की नर्सबाई त्याला भोंगा म्हणायच्या. फोनवर आईशी अहिराणीत बोलता बोलता ती मध्येच माझ्याकडे बघून हसायची. माझी मुलगी अंगावर पीत नाही हे कळल्यावर ती आपली सगळी दुखणी विसरली. मला जेवता यावं म्हणून माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसली, तिचे तळवे चोळत राहिली.

"पिईल हो ताई," ती म्हणाली. "लहान हाय ना अजून. तुम्ही नका रडू."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे ओठ निळसर झाले. डॉक्टर येऊन गेल्या. रक्तातली साखर उतरतेय, म्हणाल्या, तासाभरात काचेच्या पेटीत ठेवू, तोवर छातीशी धरा. त्या हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. पहिल्या वेळच्या डॉक्टरही बघत नव्हत्या.

छाया अंघोळीला गेली होती. माझा नवरा औषधं आणायला खाली. खोलीत आम्ही तिघं होतो, मी आणि ती दोन बाळं. पाळण्यात तिचा मुलगा मूठ चोखत होता, चुकचुक आवाज करत.

मग मी माझ्या सगळ्या शिक्षणाला साक्षीला बोलावलं. शब्द म्हणजे हवा. हवेने कोणी जगत नाही, हवेने कोणी मरत नाही. जे झालं तो योगायोग होता. आणि योगायोगच असेल, तर एक शब्द बोलायला हरकत काय?

इतकं बिनतोड बोलणं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर मला पटत नव्हतं.

पाळण्याकडे मी पाहिलं नाही. मुलीच्या कानाशी तोंड नेलं.

"दगडी," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. तोंड वळवलं, शोधलं, आणि घट्ट धरून ओढायला लागली. दुखलं इतकं की मी ओरडलेच असते. तिच्या ओठांवर रंग चढताना मी बघत होते. मी रडत होते, हसत होते, तिच्या डोक्याचा वास घेत होते. मला इतका आनंद कधीही झाला नव्हता, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही.

ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून छाया आत आली. मला पाहून दारातच थबकली आणि तिने दोन्ही हात जोडले. "पाजली! म्हटलं नव्हतं मी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग ती पाळण्यावर वाकली.

"बघा ना ताई, आमचा भोंगा कसा शहाण्यासारखा झोपलाय," ती म्हणाली. "दूध प्यायची वेळ झाली त्याची. उठवू का?"

"राहू दे," मी म्हणाले. "झोपू दे त्याला."